वीरांचे संघ आणि वेतनाचा प्रश्न

भर्तृहरीने नीतिशतकात माणसांच्या प्रती लावल्या आहेत. स्वार्थ टाकून परहित साधणारे ते सत्पुरुष. स्वार्थाला बाध न आणता परहितासाठी झटणारे ते सामान्य जन. स्वार्थासाठी परहिताचा घात करणारे ते मनुष्यरूपी राक्षस. यापलीकडे निष्कारण दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्यांचीही एक प्रत आहे. पण तिला काय म्हणावे हे खुद्द भर्तृहरीलाच कळेनासे झाले. वामन पंडितांच्या मराठी अवतारामुळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाची झालेली ही वर्गवारी अमेरिकेतील चित्रकथांना लावून पाहावी, हे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु त्या चित्रकथांतील वीरांच्या संघांचा ऐंशी-पंचाऐंशी वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे वीर पहिल्या प्रतीतून दुसऱ्या प्रतीत, आणि काही थेट तिसऱ्या प्रतीत उतरलेले दिसतात. ही घसरण म्हणायची की आणखी काही, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

१९६४ साली मुंबईहून निघू लागलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ मराठी बालवाचकांच्या ओळखीचा आहे. तो एकटा लढणारा वीर. एकट्या वीराला ‘तू हे का करतोस?’ असे विचारणारे कोणी नसते. पूर्वजांची शपथ किंवा एखाद्या आप्ताचा खून एवढे कारण त्याला पुरते. संघाचे तसे नाही. चार जण एकत्र आले की बैठकीला जागा लागते, नियम लागतात, खर्च येतो आणि तो कोणी सोसायचा हेही ठरवावे लागते. म्हणून वीरांच्या हेतूंची खरी परीक्षा झाली ती त्यांच्या संघांच्या कथांतून.

असा पहिला गाजलेला संघ म्हणजे ‘जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका’. १९४० सालच्या अखेरीस ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात तो अवतरला. फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकमन, डॉक्टर फेट आदी आठ वीर एका मेजाभोवती बसतात आणि आपापल्या पराक्रमाची हकीकत सांगतात, एवढेच त्या अंकाचे कथानक. संघ का स्थापन झाला, हे लेखक गार्डनर फॉक्स यांना सांगावेसे वाटले नाही आणि वाचकांनीही ते विचारले नाही. युरोपात महायुद्ध पेटले होते. बलवानाने दुर्बळाच्या रक्षणासाठी उभे राहावे, यात खुलासा मागण्यासारखे काय होते? १९४१ सालच्या एका अंकात तर हे वीर युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी दहा लाख डॉलर जमवण्याचा संकल्प करतात. आपल्याला त्यातून काय मिळेल, हा विचार कोणाला शिवतही नाही.

मात्र या निःस्वार्थ मंडळाच्या घटनेतच एक व्यापारी कलम दडलेले होते. ज्या वीराला स्वतःच्या नावाचे नियतकालिक मिळे, तो नियमित सभासद न राहता मानद सभासद होई. फ्लॅशची अशीच रवानगी झाली. सुपरमॅन आणि बॅटमन हे आरंभापासूनच मानद. कारण उघड आहे: संघाच्या अंकाचा उपयोग कमी खपाच्या वीरांची जाहिरात करण्यासाठी व्हायचा होता. ज्याचा खप वाढला, त्याला संघाची गरज उरली नाही. १९४२ मध्ये वंडर वुमन या संघात आली, तिला चिटणिसाचे काम मिळाले आणि बहुतेक मोहिमांच्या वेळी ती मागे कचेरीतच राहू लागली. म्हणजे पात्रे निरिच्छ होती. पण त्यांना मेजाभोवती बसवणारा हात हिशेबी होता.

या हिशेबाचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे एक धनादेश. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी सुपरमॅनची पहिली तेरा पाने आणि त्याबरोबर त्याचे सर्व हक्क प्रकाशकाला दिले, ते पानाला दहा डॉलर या दराने, एकूण १३० डॉलरला. १९४७ मध्ये त्यांनी हक्कांसाठी दावा लावला. त्यात सुपरमॅन तर हाती आला नाहीच, उलट होते ते कामही गेले. जगातल्या सर्वांत निःस्वार्थ वीराचे जनक पुढे कित्येक वर्षे पैशाच्या विवंचनेत राहिले. १९७५ साली वृत्तपत्रांतून बोभाटा झाला, नामवंत व्यंगचित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कोठे त्यांना वर्षाला वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून नामनिर्देश मिळाला. ज्या धनादेशात ते १३० डॉलर समाविष्ट होते, तो जुना कागद २०१२ साली लिलावात एक लाख साठ हजार डॉलरला विकला गेला!

महायुद्ध संपले आणि वीरकथांचा बहरही ओसरला. १९५१ मध्ये जस्टिस सोसायटीचे अंक थांबले. १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी चित्रकथा मुलांना बिघडवतात असा आरोप करणारे पुस्तक लिहिले, सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी आपणहून एक आचारसंहिता पत्करली. सत्प्रवृत्तीचा प्रत्येक वेळी विजय झालाच पाहिजे, असा तीत दंडक होता. १९६० साली जस्टिस लीग हा नवा संघ आला, तो याच दंडकाच्या छायेत. त्यातले वीर एकमेकांशी कधी भांडत नाहीत, कोणाचे भाडे थकत नाही, कोणी आजारी पडत नाही. पण निःस्वार्थ ही जिथे सक्तीची गोष्ट होते, तिथे तिचे मोल कळेनासे होते.

हा कोंडा १९६१ च्या नोव्हेंबरात फुटला. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘फँटॅस्टिक फोर’ हा चौघांचा संघ निर्माण केला. हे चौघे कुटुंबासारखे राहतात, म्हणूनच कुटुंबासारखे भांडतात. त्यांतला बेन ग्रिम तर अंतरिक्षातील किरणांनी दगडासारखा झालेला. आपले मनुष्यरूप परत मिळावे, ही त्याची अगदी स्वतःपुरती आस आहे. १९६२ च्या अखेरच्या अंकात या संघाचा प्रमुख शेअरबाजारात पैसे घालवून बसतो आणि देणी भागवण्यासाठी चौघांना चित्रपटात काम पत्करावे लागते. वीरांच्या घरी देणेकरी येतात, हे बालवाचकांनी तेव्हा पाहिले.

पुढच्याच वर्षी, १९६३ च्या मार्चमध्ये, स्पायडरमॅनच्या पहिल्या स्वतंत्र अंकात एक लहानसा प्रसंग आहे. बापासारख्या काकांच्या मृत्यूनंतर घरात पैसा नाही, चुलती चिंतेत. तेव्हा हा शाळकरी वीर नोकरी मागण्यासाठी फँटॅस्टिक फोरकडे जातो. घसघशीत पगार मिळेल अशी त्याची अपेक्षा. ‘आमची संस्था नफ्यासाठी नाही, इथे पगार नसतो,’ असे उत्तर मिळताच तो आल्या पावली परत फिरतो. प्रसंग विनोदी आहे, पण त्यात नव्या युगाची नांदी आहे. ज्यांच्यापाशी गगनचुंबी इमारतीत कचेरी आहे त्यांना विनावेतन सेवा परवडते. ज्याच्या घरी भाडे थकले आहे त्याने काय करावे?

या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले १९७२ साली. ‘ल्यूक केज, हीरो फॉर हायर’, म्हणजे भाड्याने मिळणारा वीर, असे त्या मालिकेचे नाव. स्वतःच्या नावाची मालिका लाभलेला मार्व्हेलचा हा पहिला कृष्णवर्णीय वीर. हार्लेममध्ये वाढलेला, न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेला आणि तिथल्या एका प्रयोगात पोलादी कातडी घेऊन बाहेर पडलेला. एका चित्रपटगृहाच्या माडीवर तो कचेरी थाटतो आणि कामाचे पैसे घेतो. १९७३ च्या एका अंकात डॉक्टर डूम हा परदेशी सत्ताधीश काम करून घेऊन पैसे न देता निघून जातो. तेव्हा फँटॅस्टिक फोरकडून वाहन उसने घेऊन हा गडी थेट त्याच्या राज्यावर चालून जातो, बाकी दोनशे डॉलरच्या वसुलीसाठी! वाचक हसले, पण त्या हसण्यात एक ओळखही होती. ज्यांच्या श्रमाचे मोल पिढ्यान्‌पिढ्या बुडवले गेले, त्यांच्या मुलाने आपले दोनशे डॉलर मागितले तर त्याला स्वार्थी कोणत्या तोंडाने म्हणावे? पुढे १९७८ पासून तो आयर्न फिस्ट या श्रीमंत तरुणाच्या भागीदारीत हाच व्यवसाय करू लागला. हे दोघे दर आकारत. पण पैसे न देऊ शकणाऱ्याला संकटात सोडून जात नसत. भर्तृहरीचे सामान्य जन ते हेच.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीमधली रेघ पुसट झाली ती १९८० नंतर. व्हिएतनामचे युद्ध आणि वॉटरगेट प्रकरण पाहिलेला समाज आता कोणाच्याही उदात्त घोषणांवर सहजी विश्वास ठेवायला तयार नव्हता. १९८६-८७ मध्ये ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी ‘वॉचमेन’ या बारा अंकांच्या कथेत १९३९ सालचा एक कल्पित वीरसंघ उभा केला आणि त्यातील प्रत्येकाला विचारले, तू का आलास? कोणी प्रसिद्धीसाठी आली आहे, कोणाला मारहाणीतच आनंद आहे. एक तर चक्क बँकेने जाहिरातीसाठी नेमलेला नोकर. बँकेच्या फिरत्या दारात त्याचा झगा अडकतो आणि दरोडेखोर त्याला गोळी घालतात. झगा छायाचित्रात चांगला दिसतो म्हणून त्याच्या अंगावर घातलेला होता. त्याच सुमारास अवतरलेला बूस्टर गोल्ड हा वीर अंगावर कंपन्यांची बोधचिन्हे मिरवतो. १९८७ च्या ‘सुइसाइड स्क्वॉड’मधले कैदी शिक्षा कमी व्हावी म्हणून सरकारसाठी जिवावरची कामे करतात.

१९९२ साली सात नामवंत चित्रकारांनी, आपल्या निर्मितीवर आपलीच मालकी असावी, या आग्रहाने ‘इमेज’ ही प्रकाशनसंस्था काढली. सीगल आणि शूस्टर यांच्यावरील अन्यायाचे जणू ते परिमार्जन होते. त्या संस्थेचे पहिले पुस्तक होते ‘यंगब्लड’; आणि त्यातले वीर सरकारी आश्रयाखालचे, प्रसिद्धीच्या झोतात राहणारे तारे होते. २००१ साली नव्या रूपात आलेला ‘एक्स-फोर्स’ हा संघ उघडउघड कीर्ती आणि पैसा यांसाठी, चित्रवाणीच्या कॅमेऱ्यांपुढे लढतो. आचारसंहितेने तो अंक नाकारला, तरी प्रकाशकाने तो बाहेर काढलाच. २००६ च्या ‘सिव्हिल वॉर’ कथेचा आरंभ तर असा होतो, की चित्रवाणीवरील कार्यक्रमासाठी धाड घालणाऱ्या तरुण संघाच्या उतावळेपणाने स्टॅमफर्ड शहरात स्फोट होतो आणि शाळेतील मुलांसह सहाशेहून अधिक माणसे मरतात. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘द बॉइज’ मध्ये वीर हे एका कंपनीचा माल होऊन बसलेले आहेत. आपल्या स्वार्थापायी निरपराधांचा बळी जावो, त्यांना त्याचे काही नाही. भर्तृहरीच्या तिसऱ्या प्रतीला याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

तथापि हा प्रवास एकाच दिशेने झाला, असे म्हणता येत नाही. १९९७ साली कर्ट ब्युसिएक आणि मार्क बॅगली यांनी ‘थंडरबोल्ट्स’ हा संघ आणला. मोठे वीर नाहीसे झालेल्या जगात हे नवे वीर लोकांना वाचवतात, लोक त्यांना डोक्यावर घेतात. आणि पहिल्याच अंकाच्या अखेरीस कळते, की हे वीर नव्हेत, वेश पालटलेले जुने गुन्हेगार आहेत. लोकांचा विश्वास संपादून सत्ता बळकावणे हा त्यांचा डाव. पण वाचवलेल्या माणसांच्या डोळ्यांतली कृतज्ञता पाहता पाहता त्यांतल्या काहींना ते सोंगच प्रिय होऊ लागते. शेवटी नेत्याचा डाव मोडतात ते त्याचेच साथीदार. सेवा करता करता हेतू शुद्ध होतो, या आपल्या जुन्या समजुतीला दूर अमेरिकेत मिळालेला हा दुजोराच म्हणायचा.

तेव्हा या इतिहासाकडे केवळ अधःपात म्हणून पाहणे न्यायाचे होणार नाही. आरंभीचे वीर निःस्वार्थ होते. पण त्यांना जन्म देणाऱ्यांच्या पदरी १३० डॉलर पडले आणि त्या निःस्वार्थाचा नफा तिसऱ्यानेच मोजला. नंतरच्या वीरांनी आपले दाम मागितले, तेव्हा कथेत निदान प्रामाणिकपणा आला. वेतन घेणे हा दोष नव्हे. जग वेतनावर चालणाऱ्या माणसांनीच उभे आहे. दोष सुरू होतो तो कर्तव्याचे माप वेतनाच्या मापाने घेतले जाते तेव्हा, ‘पैसे नाहीत, तर मरू दे’ असे मनात येते तेव्हा. ल्यूक केज आपले दोनशे डॉलर सोडत नाही, पण दारी आलेल्या निर्धनालाही परत पाठवत नाही. सुपरमॅनच्या उंचीवर पोचणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे; चित्रपटगृहाच्या माडीवरील त्या कचेरीपर्यंतचा जिना मात्र कोणालाही चढता येण्यासारखा आहे.