कुत्रा मान वळवत नाहीये? ‘लचकली असेल’ म्हणून थांबू नका

तुमचा बीगल जेवणाच्या वाटीजवळ जातो, पण मान खाली करत नाही. हाक मारली की नुसते डोळे फिरवतो. उचलायला गेलं की किंचाळतो. घरातलं निदान ठरलेलं: मान लचकली.

बीगल, डॅशहंड, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू अशा जातींत मात्र आधी मणक्यांमधल्या गादीचा, म्हणजे डिस्कचा संशय घ्यावा लागतो. यांच्या गादीतला जेलीसारखा गाभा कमी वयातच सुकून कडक होतो. मग एखाद्या साध्या उडीनंही तो बाहेर येतो आणि मज्जारज्जूवर किंवा नसांवर दाब देतो. मानेत मज्जारज्जूभोवती पाठीपेक्षा जास्त जागा असते. त्यामुळे अनेकदा पाय लुळे पडत नाहीत, फक्त भयंकर दुखतं. ‘चालतोय ना, मग ठीक आहे’ ही फसगत इथेच होते.

घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी अजिबात देऊ नका. कुत्र्यांमध्ये त्यानं पोटात अल्सर होतो, किडनी निकामी होऊ शकते. डॉक्टर सहसा कुत्र्यांसाठीची कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅम देतात, गरजेनुसार गॅबापेंटिन आणि स्नायू सैल करणारं औषध. आधी कुणी स्टेरॉइड दिलं असेल तर ते डॉक्टरांना सांगाच. स्टेरॉइड आणि या वेदनाशामक गोळ्या एकत्र गेल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

गोळ्यांनी काही दिवसांत दुखणं उतरतं आणि खरी कसोटी तिथून सुरू होते. कुत्र्याला बरं वाटतं, तो सोफ्यावर झेपावतो. गादी मात्र अजून भरलेली नसते. म्हणून किमान 4 आठवडे त्याला पिंजऱ्यात किंवा छोट्या कुंपणात ठेवायचं. बाहेर काढायचं ते फक्त शी-शूसाठी, तेही पट्टा लावून. (बीगलवाल्यांनो, हसू नका.) गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. वाटी स्टुलावर. लिफ्ट नसेल तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली घालून उचलून न्या. घरच्यांना त्याचं रडणं ऐकवत नाही आणि तिसऱ्या आठवड्यात दार उघडलं जातं. तेवढं टाळा.

एवढं करूनही दुखणं हटलं नाही किंवा पुन्हा उलटलं, तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन करावं लागतं. साध्या एक्स-रेत मज्जारज्जूवरचा दाब दिसत नाही. ऑपरेशनमध्ये गळ्याच्या बाजूनं मणक्यात छोटी खाच पाडून बाहेर आलेला गाभा काढतात.

पाय लटपटायला लागले, उभं राहता येईना किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, मग रविवार असो वा रात्र.