प्रवेश-परीक्षेचे गुण आणि वित्तशास्त्रातील डॉक्टरेट : एक ऐतिहासिक टिपण

अमेरिकन विद्यापीठांत वित्तशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वांत अधिक चिंता वाटते ती प्रवेश-परीक्षेतील गुणांची. ही चिंता निराधार नाही. परंतु ज्या परीक्षेचा आकडा इतका निर्णायक मानला जातो, ती परीक्षा प्रथम घेतली गेली ती आधीच प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा अशी परीक्षा अस्तित्वातच नव्हती. 1907 च्या मॅट्रिक परीक्षेत त्यांना 750 पैकी 282 गुण होते. त्या आकड्यावरून पुढच्या संशोधकाची कल्पना कोणालाही आली नसती. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा प्रबंध 1925 मध्ये सेलिग्मन ह्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला व 1927 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. (राजस्व आणि आजचे वित्तशास्त्र ह्या शाखा भिन्न आहेत हे खरे, तथापि निवडीचा प्रश्न दोन्हींकडे एकच.)

पुढे उच्च शिक्षणाचा विस्तार होत गेला, तसतशी निरनिराळ्या महाविद्यालयांचे गुण परस्परांशी ताडून पाहण्याची अडचण तीव्र झाली. ह्या अडचणीवर उपाय म्हणून कार्नेगी फाउंडेशनच्या विल्यम लर्नेड ह्यांच्या पुढाकाराने 1937 च्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया येथील प्रथम वर्षाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची चाचणी घेण्यात आली. हीच ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झॅमिनेशन. 1948 पासून तिची व्यवस्था नव्याने स्थापन झालेल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसकडे गेली. व्यवसाय-प्रशासनाच्या शाळांसाठी वेगळी परीक्षा 1954 मध्ये सुरू झाली. तिला 1976 पासून जी-मॅट हे नाव मिळाले.

ह्याच काळात वित्तशास्त्राचे स्वरूपही पालटत होते. मार्कोविट्झ ह्यांचा गुंतवणूक-निवडीवरील लेख 1952 चा, मोदिग्लियानी व मिलर ह्यांचा 1958 चा, ब्लॅक-शोल्स सूत्र 1973 चे. मार्कोविट्झ ह्यांच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, हे अर्थशास्त्रच नव्हे, असा आक्षेप मिल्टन फ्रीडमन ह्यांनी घेतला होता. मार्कोविट्झ ह्यांना 1990 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. विषय गणिताधिष्ठित झाल्यावर निवड-समित्यांची दृष्टी परीक्षेच्या गणिती भागावर खिळावी, हे स्वाभाविकच होते.

पण येथेच एक विसंगती उद्भवली. 200 ते 800 ह्या जुन्या मोजपट्टीवर, तिच्या अखेरच्या वर्षांत, सुमारे 6 टक्के परीक्षार्थी गणिती भागात पूर्ण 800 गुण मिळवीत. ज्या विभागात थोड्याच जागा, तेथे पूर्ण गुण मिळवणारेही असंख्य! अशा गाळणीने फार तर कच्चे अर्जदार बाजूस काढता येतात. उरलेल्यांत संशोधक कोण, हे तिला सांगता येत नाही. 2011 मध्ये मोजपट्टी 130 ते 170 अशी झाली, तरी मूळ मर्यादा सुटली नाही. 2001 मध्ये कुन्सेल, हेझलेट व ओन्स ह्यांनी अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्यांत परीक्षेतील गुणांचा पहिल्या वर्षाच्या यशाशी संबंध ठळक, तर पदवी पुरी होण्याशी बराच क्षीण आढळला. केवळ ठराविक गुणमर्यादेवरून अर्ज नाकारू नये, असे परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच सांगितले आहे.

2020 च्या महामारीत अनेक विभागांनी ही अट स्थगित केली. काहींनी ती पुढे पुन्हा लागू केली. अट उठल्याने सर्वांचाच लाभ झाला असे मात्र म्हणता येत नाही. अमरावती किंवा नांदेड येथील महाविद्यालयाचे नाव शिकागोच्या समितीला अपरिचित. शिफारसपत्र लिहिणारे प्राध्यापकही तितकेच अपरिचित. अशा विद्यार्थ्याच्या अर्जात समितीला ओळखता येईल असा पुरावा बहुधा त्या गुणांचाच असे. तो काढून घेतल्यावर वजन वाढते ते प्रख्यात संस्थांच्या नावांचे आणि परिचितांच्या पत्रांचे, म्हणजे 1937 पूर्वी ज्यांचे होते त्यांचेच.