भिंगावकाशांची कुळकथा

दोन अवकाशांचे बिंदू एकास एक जुळवता आले आणि त्या जुळणीत दोन्ही दिशांनी सलगपणा टिकून राहिला, तर संस्थितिविज्ञान त्या दोन अवकाशांना एकच मानते. ते एकच असतील तर अशी एक जुळणी दाखवली की काम भागते. पण ते भिन्न आहेत असे सिद्ध करायचे, तर कोणतीही जुळणी शक्य नाही हे दाखवावे लागते, आणि त्यासाठी जुळणीत न बदलणारी एखादी संख्या वा बैजिक रचना, म्हणजेच ‘निश्चल’, हाताशी असावी लागते. निश्चल वेगळे निघाले की अवकाश वेगळे ठरतात. निश्चल सारखे निघाले तर अवकाशही एकच ठरतात का, हा मात्र निराळा प्रश्न आहे, आणि भिंगावकाशांचे कूळ याच प्रश्नातून निघाले.

ज्या अवकाशाचा प्रत्येक लहान भाग नेहमीच्या सपाट अवकाशासारखा असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. दोन मितींत, म्हणजे बंदिस्त व सलग पृष्ठांच्या बाबतीत, वरील प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. ऑयलर संख्या (पृष्ठाचे तुकडे पाडल्यावर शिरोबिंदू वजा कडा अधिक फलक) आणि पृष्ठाला दोन बाजू आहेत की एकच, एवढ्या दोन गोष्टी कळल्या की पृष्ठ पुरते ओळखता येते. तीन मितींतही असेच घडेल ही आशा फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वांकारे यांनीच १८९२ मध्ये मोडीत काढली, कारण बेटी संख्या, म्हणजे निरनिराळ्या मितींतील स्वतंत्र पोकळ्यांची मोजदाद, सारख्या असूनही भिन्न असलेली मॅनिफोल्ड त्यांना सापडली. १८९५ मध्ये त्यांनी ‘मूलभूत गट’ ही अधिक सूक्ष्म रचना मांडली, जिच्यात एका बिंदूपासून निघून तेथेच परतणारे सर्व बंद मार्ग विचारात घेतले जातात आणि परस्परांत सरकवून नेता येणारे मार्ग एकच समजले जातात. ज्या बंदिस्त त्रिमितीय मॅनिफोल्डमध्ये असा प्रत्येक मार्ग बिंदूपर्यंत आक्रसतो, ते त्रिमितीय गोलच असते का, असे त्यांनी १९०४ मध्ये विचारले. परंतु मूलभूत गट कोणताही असला तरी तो मॅनिफोल्ड निश्चित करतो का, हा व्यापक प्रश्न त्यामुळे सुटत नव्हता.

या व्यापक प्रश्नाला पहिला धक्का १९०८ मध्ये ऑस्ट्रियन गणितज्ञ हाइनरिख टीत्से यांनी दिला. मसुराच्या दाण्यासारखे दोन्ही बाजूंनी फुगीर, भरीव भिंग घ्यावे, प आणि क या दोन सहमूळ संख्या निवडाव्यात, आणि वरच्या पृष्ठावरील प्रत्येक बिंदू पूर्ण फेऱ्याच्या क/प इतका फिरवून खालच्या पृष्ठावर नेमका त्याखाली येणाऱ्या बिंदूशी चिकटवावा, म्हणजे कडा नसलेले बंदिस्त त्रिमितीय मॅनिफोल्ड तयार होते. हाच (प, क) भिंगावकाश होय. भिंगाच्या वरच्या मध्यबिंदूपासून खालच्या मध्यबिंदूपर्यंतचा अक्ष हा येथे बंद मार्ग बनतो, कारण ते दोन्ही बिंदू आता एकच झालेले असतात, आणि हा मार्ग प वेळा चालल्यावर आक्रसून जातो. मूलभूत गट त्यामुळे प घटकांचा चक्रीय गट ठरतो आणि त्यात क चा मागमूसही उरत नाही. (५, १) आणि (५, २) या दोन भिंगावकाशांचे मूलभूत गट सारखे असूनही ते भिन्न असावेत, असा टीत्से यांचा कयास होता.

तो कयास १९१९ मध्ये अमेरिकन गणितज्ञ जेम्स अलेक्झांडर यांनी खरा ठरवला. आजच्या परिभाषेत ही सिद्धता गुंफणसंख्येने मांडतात: अक्षाचा मार्ग पाच वेळा घेतला की तो एका पृष्ठाची कडा होतो, त्या पृष्ठाला अक्षाची किंचित सरकवलेली प्रत किती वेळा छेदते ते मोजून पाचने भागतात, आणि आलेल्या अपूर्णांकातील पूर्णांक भाग सोडून देतात. अक्षाऐवजी त्याच्या म पट मार्ग घेतला तर उत्तर म च्या वर्गाने गुणले जाते, आणि पाचने भागल्यावर पूर्ण वर्गांच्या शून्येतर बाक्या १ आणि ४ एवढ्याच उरतात. म्हणून पहिल्या भिंगावकाशात १/५ व ४/५ ही उत्तरे संभवतात, तर दुसऱ्यात २/५ व ३/५. आरशातील प्रतिमा घेतली तरी प्रत्येक जोडी स्वतःतच उलटते, त्यामुळे हे दोन अवकाश एक असूच शकत नाहीत.

गुंफणसंख्येलाही मर्यादा आहेच. (७, १) आणि (७, २) यांच्या बाबतीत दोन्हीकडे १/७, २/७ आणि ४/७ हीच उत्तरे येतात, कारण सातने भागता २ ही ३ च्या वर्गाचीच बाकी आहे. इतकेच नव्हे, तर हे दोन अवकाश समस्थेय आहेत (त्यांच्यात दोन्ही दिशांनी अशी सलग रूपांतरणे आहेत की जाऊन परत येणे हे जागच्या जागी राहण्यात सलगपणे सरकवता येते), म्हणजे समस्थेयतेवर आधारलेला कोणताही निश्चल त्यांच्यात फरक करू शकत नाही. तो फरक जर्मन गणितज्ञ कुर्ट रायडेमाइस्टर यांनी १९३५ मध्ये ‘टॉर्शन’ नावाच्या नव्या निश्चलाने दाखवला. अवकाशाचे तुकडे पाडून, ते भिंगावकाशाला प वेळा आच्छादणाऱ्या त्रिमितीय गोलावर उचलून, त्या तुकड्यांच्या कडांचे संबंध मांडणाऱ्या सारण्यांच्या निश्चयकांतून हा निश्चल काढला जातो. त्यावरून नियम असा निघाला की दोन भिंगावकाशांचा प एकच असून दुसऱ्याचा क हा पहिल्याच्या क शी, किंवा प च्या संदर्भातील त्याच्या व्यस्ताशी, चिन्ह वगळता जुळत असेल तरच ते एक असतात. सातच्या बाबतीत १ शी केवळ १ आणि ६ जुळतात, २ जुळत नाही. ही सिद्धता तुकड्यांच्या विभाजनावर अवलंबून होती. १९५० च्या दशकात एडविन मोइझ यांनी त्रिमितीय मॅनिफोल्डचे तसे विभाजन नेहमीच करता येते आणि ते मूलतः एकच असते हे सिद्ध केल्यावर ती अट गळून पडली.

उच्च मितींतील सर्वसाधारण अवकाशांसाठी मात्र हे एकमेवत्व टिकत नाही, आणि ते दाखवून देण्यासाठी जॉन मिल्नर यांनी १९६१ मध्ये (७, १) आणि (७, २) हीच जोडी वापरली: तिच्यापासून त्यांनी एकाच अवकाशाची अशी दोन विभाजने रचली की ती कितीही बारीक केली तरी परस्परांशी जुळत नाहीत.

ग्रिगोरी पेरेलमान यांनी २००२ व २००३ मध्ये विल्यम थर्स्टन यांचे भूमितीकरणाचे अनुमान, म्हणजे बंदिस्त त्रिमितीय मॅनिफोल्डचे ठरावीक भूमिती असलेले तुकडे पाडता येतात हे विधान, सिद्ध केले, आणि त्याबरोबर प्वांकारे यांच्या १९०४ च्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी ठरले. त्यातून टीत्से यांच्या उदाहरणाचे खरे स्थानही स्पष्ट झाले. जे गोलावर छेदून अधिक सोप्या घटकांत तोडता येत नाही आणि ज्यात डाव्या-उजव्याचा भेद सर्वत्र कायम राहतो, असे बंदिस्त त्रिमितीय मॅनिफोल्ड त्याच्या मूलभूत गटावरून पूर्णपणे निश्चित होते. या नियमाला भिंगावकाश हा एकमेव अपवाद आहे.