पल्ला अस्त्राचा की वाहनाचा? पालखेड ते ब्रह्मोस

१/ फेब्रुवारी १७२८. वैजापूरनजीक पालखेडच्या परिसरात निजाम-उल-मुल्कचे सैन्य बाजीराव पेशव्यांच्या घोडदळाच्या वेढ्यात सापडले. निजामाचा तोफखाना नावाजलेला. परंतु जड तोफा बैलांच्या चालीने चालतात आणि मराठी घोडा त्यांच्यासाठी थांबत नाही. पाठलागाच्या घाईत तोफा मागे राहिल्या, पाणी आणि रसद तुटली.

२/ ६ मार्च १७२८ रोजी पैठणजवळच्या मुंगी गावी तह झाला, तोच मुंगी-शेवगावचा तह. दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीवरील शाहू महाराजांचा हक्क निजामाला मान्य करावा लागला. तोफेचा मारा कमी नव्हता. तिला वेळेवर पोहोचवणारे वाहन नव्हते. आजच्या क्रूझ क्षेपणास्त्रांबाबतही पहिला प्रश्न हाच असतो: डागायचे कशावरून?

३/ भारत-रशियाच्या ब्रह्मोसची पहिली चाचणी १२ जून २००१ रोजी चांदीपूर येथे झाली. वजन सुमारे ३ टन, लांबी ८ मीटरहून अधिक, वेग ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट, आरंभीचा जाहीर पल्ला २९० किलोमीटर.

४/ युद्धनौका: वजनाची चिंता सर्वांत कमी. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या प्रत्येक विनाशिकेवर १६ ब्रह्मोस उभ्या नळ्यांतून डागता येतात. नौका आठवडेच्या आठवडे समुद्रात राहते. मात्र ती संथ असते आणि उघड्या समुद्रात तिला लपणे कठीण.

५/ जमिनीवरील वाहन: एका ट्रकवर ३ क्षेपणास्त्रे. तो झाडीत किंवा डोंगराआड दडू शकतो, डागून जागा बदलू शकतो. परंतु त्याचा मारा सीमेच्या आतून मोजला जातो आणि रस्ता, पूल जेथे संपतात तेथे तोही थांबतो.

६/ विमान: सुखोई-३० एमकेआयसाठी ब्रह्मोसचे वजन अडीच टनांपर्यंत उतरवावे लागले, विमानाचा सांगाडाही बळकट करावा लागला. हे काम नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात झाले. २५ जून २०१६ रोजी क्षेपणास्त्रासह पहिले उड्डाण तेथूनच झाले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरात ते प्रथम डागले गेले. विमानाच्या पोटाखाली एकच क्षेपणास्त्र मावते, परंतु उड्डाणाचे शेकडो किलोमीटर त्याच्या पल्ल्यात मिळतात.

७/ म्हणूनच जानेवारी २०२० मध्ये ब्रह्मोसवाहू सुखोईंची तुकडी व्यंकोजीराजांच्या तंजावरात ठेवली गेली. तेथून हिंदी महासागराचा मोठा भाग टप्प्यात येतो.

८/ पाणबुडी: सर्वांत गुप्त, सर्वांत अवघड. टॉर्पेडोची प्रचलित नळी ५३३ मिलिमीटर रुंद, ब्रह्मोसचा व्यास सुमारे ६० सेंटीमीटर. त्यामुळे त्यास वेगळ्या उभ्या नळ्या लागतात. २० मार्च २०१३ रोजी विशाखापट्टणमजवळ पाण्याखालील तराफ्यावरून चाचणी यशस्वी झाली; माझगावातच बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या मात्र नळीत मावणारे फ्रेंच एक्झोसेट वापरतात.

९/ नौकेकडे संख्या, ट्रककडे आडोसा, विमानाकडे वेग, पाणबुडीकडे गुप्तता. एकाच वाहनावर सारी भिस्त ठेवली, तर ते अडले की अस्त्रही अडते. पालखेडला निजामाच्या तोफा शाबूतच होत्या. लढाईच्या जागी मात्र त्या नव्हत्या.