पन्हाळा आधी घेतला, मग सोडला

'पावनखिंड' मी फेब्रुवारी २०२२ मध्ये वाशीला पाहिला. भोवती कोपरखैरण्याची माथाडी कुटुंबे, बरीचशी साताऱ्याकडची. शेवट चौथीतल्या मुलालाही पाठ. तरी बाजीप्रभू कोसळले तेव्हा सारे थिजून गेले. 'फर्जंद' (२०१८) किंवा 'फत्तेशिकस्त' (२०१९) पाहताना मला असा अनुभव आला नव्हता. दिग्दर्शक तेच, दिग्पाल लांजेकर. महाराज चिन्मय मांडलेकर, जिजाऊ मृणाल कुलकर्णी, तेही तेच. मग तिसरा चित्रपट पहिल्या दोघांच्या पुढे कसा गेला? तिकीटबारीवरही तो गेलाच.

मला वाटते, उत्तर कालक्रमात आहे. ही मालिका उलटी चालते. 'फर्जंद' १६७३ चा, 'फत्तेशिकस्त' १६६३ चा, 'पावनखिंड' १६६० चा. महाराज विशाळगडावर पोचले खरे, पण त्याच वर्षी पन्हाळा आदिलशाहीला द्यावा लागला. तेरा वर्षांनी कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी तो परत घेतला. प्रेक्षकाने विजय आधी पाहिला आणि त्यामागची किंमत नंतर. पहिल्या चित्रपटात कोंडाजी झालेला अंकित मोहनच इथे रायाजी बांदल होतो, तेव्हा हे नाते अधिकच जाणवते.

दुसरे कारण साधे आहे. 'फर्जंद'ला माणसे जमवण्यात, त्यांची ओळख करून देण्यात वेळ घालवावा लागतो. 'पावनखिंड'ला प्रेक्षक तयार मिळाला. त्यामुळे शिवा काशिदांचे सोंग, पावसाळी रात्र, विशाळगडाच्या तोफांची वाट पाहणे यांना जागा उरली. चित्रपटाचे आधीचे नाव 'जंगजौहर' होते; ते बदलले हे बरे झाले. सिद्दी जौहरपेक्षा ती अरुंद वाटच खरी नायिका.

नुसते मागे जाऊन मात्र भागत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेला 'शेर शिवराज' १६५९ मध्ये, अफझलखानापर्यंत जातो. तो मला तितका भिडला नाही. तिथे जीव टांगणीला आहे तो महाराजांचा, आणि ते वाचणार हे ठरलेले. खिंडीत मात्र मरणारा माणूस समोर उभा असतो, आणि त्यालाही ते ठाऊक असते. २०२३ च्या 'सुभेदार'ने १६७० च्या सिंहगडाकडे वळून हा उलटा क्रमही सोडला.

खेळ सुटल्यावर जिन्यात एक आजोबा विचारत होते, "पन्हाळा मग परत कधी मिळाला रं?"

नातू म्हणाला, "आबा, फर्जंदमधी बघितलं की आपण."