खुराड्यातली वाळू

बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या घरांवर लिहिताना आपण तुळशीवृंदावन लिहितो, माजघर लिहितो. परसातलं खुराडं मात्र सगळे विसरतात. आज त्याबद्दल, खरं तर त्यातल्या वाळूबद्दल.

खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना काय सांगायचं! चार महिने परसात नुसता राडा. मलप्रभा उगम पावते तीच मुळी कणकुंबीला, त्यामुळे नदीकाठच्या घरांत उन्हाळ्यातच बुट्टीबुट्टीने वाळू आणून खुराड्यात चार बोटं पसरायचे. पाणी खाली जिरतं, शीट वर सुकते, सकाळी ओढून काढली की काम झालं. कोंबड्या त्यात लोळून अंगावरच्या उवा झाडतात. त्यातले जाडसर खडे टिपतात तेही उगीच नाही. दात नाहीत ना, पोटात दाणा दळायला ते खडेच लागतात.

१९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि कर्ज खेड्यात पोचायला लागलं. १९७१ मध्ये बी. व्ही. रावांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली. कोंबडी परसातून शेडमध्ये गेली ती याच दशकात. मी नोकरीला लागलो तेव्हा कुक्कुटपालनाच्या कर्जप्रकरणात ‘गादी पद्धत’ हा शब्द हमखास असायचा. गादी कसली, तर भाताच्या तुसाची, नाहीतर शेंगांच्या टरफलांची. वाळूचा उल्लेख कुठेच नाही. पाहणीला गेलो असता एका मावशींनी मला ऐकवलं होतं, “साहेब, तूस भिजलं की कुजतंय बघा. वाळू भिजली तर वाळतीय.”

बोलणं खोटं नव्हतं. ओल्या तुसात अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. मग तूस का जिंकलं? आम्ही कॉमर्सवाले, हिशेबच सांगतो. वाळू ओल शोषून धरत नाही, त्यामुळे शीट रोज उचलावी लागते. दहा कोंबड्यांना ते जमतं, पाचशेंना कोण करणार? तूस परतत राहिलं, अधूनमधून चुना मारला की तीच गादी महिनोन्‌महिने चालते आणि शेवटी खत म्हणून विकली जाते. प्रकल्प अहवालात खताचं उत्पन्न जमेच्या बाजूला असायचं. वाळूमिश्रित खत शेतकरी कशाला घेईल? शिवाय भात गिरण्या शेजारीच, तूस स्वस्त.

मजा बघा, पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाने ब्रॉयलर कोंबड्या वाळूवर वाढवून पाहिल्या, तर त्या लाकडाच्या भुशावरच्या कोंबड्यांइतक्याच चांगल्या वाढल्या! मावशींना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

परसातली वाळू गेली त्याला मात्र तूस कारण नाही, स्लॅब कारण आहे. घरं काँक्रीटची झाली आणि बुट्टीने फुकट येणारी वाळू ट्रकच्या भावाने विकली जाऊ लागली. नद्यांची पात्रं खरवडली गेली. २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातल्या वाळूउपशालाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली, ते योग्यच झालं. पण तोवर खुराडीही राहिली नव्हती.

आता गावाकडे घर बांधून चार गावठी कोंबड्या पाळणारी आपलीच काही निवृत्त मंडळी वाळूचं विचारतात. त्यांना सांगतो, एम-सँड टाकू नका. तो दगडाचा चुरा, धूळ फार आणि कडा धारदार. बांधकामातून उरलेली नदीची जाडी वाळू असेल तर धुऊन, चाळून घ्या. चार बोटं पुरे. वरून पत्रा हवा, आणि शीट रोज काढायची.