आधी रेघ, मग अक्षर

मराठेशाहीतील कारकुनाचे काम पहिल्या अक्षराच्या बरेच आधी सुरू होई.

चाकूने बोरू तासायचा, काजळी-डिंकाची शाई ढवळायची, कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ लिहायचा. मग या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढायची. देवनागरीत आपण शब्द लिहून त्यावर रेघ देतो. मोडीत रेघ आधी येई आणि अक्षरे तिला टांगली जात.

यामागे सोय होती. मोडी ही शक्यतो हात न उचलता, वेगाने लिहायची लिपी. रेघ तयार असली की शब्दाशब्दाला थांबावे लागत नसे. शिवाय रेघ ओढायला विचार लागत नाही. तेवढ्या अवधीत हात स्थिरावतो, मन मजकुराकडे वळते.

ही स्थिरता आवश्यकच होती. वसुलाचा आकडा किंवा मोहिमेचा हुकूम चुकला, तर त्याची किंमत गावाला वा फौजेला मोजावी लागे.

गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद 45 खंडांत संपादित केले. छापील पानांवर त्या लांब रेघा दिसत नाहीत. पुण्याच्या पुराभिलेखागारात मूळ मोडी कागद पाहाल, तेव्हा अक्षरांआधी ती रेघ पाहा.